जगायला जाताना सिकलचं कार्ड सोबत

(सामुदायिक रेडिओवर दिलेल्या भाषणाचा मजकूर)

भात कापणी उरकत आलीय, नागली खळ्यावर यायला लागलीय. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या येतील आणि भिवंडी, वसई, कल्याण, शहापूरच्या वीटभट्ट्यांवर आपली माणसं निघतील. आपण 'कामाला जातो' असं म्हणत नाही. 'जगायला जातो' म्हणतो. तर जगायला जाणाऱ्यांशीच मला आज बोलायचंय.

विषय आहे सिकलसेल. नाव तुम्ही ऐकलंय. शाळेत, आश्रमशाळेत, दवाखान्यात बोटातून रक्त घेऊन गेलेत, काहींना कार्ड मिळालंय. ते कार्ड कुठे आहे, असं मी घरोघरी विचारत असते. पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या पातळाच्या घडीत, आधार कार्डाच्या पिशवीत. एका घरी तर ते आढ्याला खोचलेलं होतं, उंदरांनी खाऊ नये म्हणून. म्हणजे जपतात सगळे. पण भट्टीवर जाताना नेत नाहीत, हरवेल म्हणून. मग पोराला तिथे कळ येते तेव्हा पोर भट्टीवर असतं आणि त्याच्या दुखण्याचं नाव मोखाड्याला आढ्यात असतं.

आधी हे दुखणं काय आहे ते थोडक्यात सांगते, कारण काही बाया आज पहिल्यांदा ऐकत असतील. सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तात लाल पेशी असतात, डोळ्याला न दिसणाऱ्या, गोल आणि मऊ. मऊ असल्यामुळे त्या केसाहून बारीक नसांमधूनही सरकतात. सिकलच्या माणसाच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि कडक होतात. अरुंद वाटेत विळे अडकले की मागचा रस्ता बंद. जिथे रक्त पोचत नाही तिथे कळ येते. हाडात, सांध्यात, पाठीत, छातीत. ती कळ साधी नसते. बाळंतपण झालेल्या बाया मला सांगतात की बाळंतपणाच्या कळा सोसवल्या पण ही सोसवत नाही. चांगली पेशी साधारण १२० दिवस टिकते, विळ्याची दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून रक्त कमी राहतं आणि डोळे पिवळे दिसतात. आपण त्याला कावीळ म्हणतो आणि मुळी बांधून घेतो. तान्ह्या पोराला पाच-सहा महिने काही होत नाही, कारण आईच्या पोटातलं रक्त तोवर त्याला राखतं. मग एक दिवस हाताचे पंजे, पायाचे पंजे सुजतात आणि पोर किंचाळतं. लोकांना वाटतं पडलं असेल, कोणी ओढलं असेल, नाहीतर नजर लागली असेल.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगते, आणि ती काही रक्तातली नाही, ती आपल्या तोंडातली आहे. पोराला सिकल निघाली की घरात पहिलं वाक्य काय येतं? 'तुझ्या माहेराहून आणलंस.' ज्या बाईला हे ऐकावं लागलंय तिने आज रेडिओचा आवाज जरा मोठा करावा, म्हणजे घरातल्यांनाही ऐकू जाईल.

प्रत्येक माणसाच्या अंगात या गोष्टीचे दोन दाणे असतात असं समजा. एक आईने दिलेला, एक बापाने दिलेला. दोन्ही चांगले असले तर माणूस निरोगी, कार्डावर 'एए' येतं. एक चांगला, एक विळ्याचा, तर तो वाहक, कार्डावर 'एएस'. वाहकाला सहसा काही होत नाही. तो भात लावतो, विटा थापतो, त्याला औषध लागत नाही, आपल्यात हे आहे हे त्याला कळतही नाही. दोन्ही दाणे विळ्याचे, तर 'एसएस', म्हणजे रुग्ण. आता बघा, 'एसएस' पोराकडे दुसरा विळ्याचा दाणा आला कुठून? एका आईकडून दोन येत नाहीत. एक आईने दिला, एक बापाने. अर्धा अर्धा. सासूबाईंनी सुनेला बोलण्याआधी एवढंच आठवावं की अर्धं त्यांच्याच घरातून आलंय. आणि दोष म्हणाल तर दोघांचाही नाही. कोणी ते दाणे निवडून घेत नाही.

आणखी एक गैरसमज पाड्यापाड्यावर आहे. दवाखान्यात सांगतात की आई-बाप दोघं वाहक असतील तर चारातल्या एका मुलाला आजार होऊ शकतो. लोक घरी येऊन हिशेब करतात: पहिल्याला झाला, म्हणजे पुढचे तीन सुटले. तसं नाही हो. नाणं उडवल्यासारखं आहे. एकदा छापा पडला म्हणून पुढच्या वेळी काटाच पडेल असं कुठे असतं? प्रत्येक गरोदरपणात नव्याने तोच हिशेब: चारात एक वाटा आजाराचा, दोन वाटे वाहकाचे, एक वाटा निरोगीपणाचा. दोन पोरं पाठोपाठ आजारी निघालेली घरं आहेत आणि चारही पोरं ठणठणीत असलेलीही आहेत.

आणि तो एक शब्द, 'पॉझिटिव्ह'. तपासणी करणारे सहज म्हणून जातात की पोरगी पॉझिटिव्ह आली. आपल्या कानांनी हा शब्द एड्सबरोबर ऐकलेला. मग त्या पोरीचं ताट वेगळं, पाण्याचा तांब्या वेगळा. सिकल उष्ट्याने लागत नाही, शेजारी झोपल्याने लागत नाही, दूध पाजल्याने लागत नाही. आणि पहिली, चटकन होणारी तपासणी फक्त एवढंच सांगते की विळ्याचा दाणा आहे. एक आहे की दोन, ते दुसऱ्या तपासणीत कळतं. त्या दुसऱ्या तपासणीचा कागद मागून घ्या. 'एएस' की 'एसएस' हे माहीत नसताना निम्मी घरं उगाच घाबरतात आणि निम्मी उगाच निर्धास्त राहतात.

काही जण म्हणतात, हा आदिवासींचा आजार, आपल्यालाच शाप आहे. मला हे ऐकून राग येतो, म्हणून जरा जगाची गोष्ट सांगते.

या आजाराची पहिली नोंद छापून आली ती १९१० साली, अमेरिकेतल्या शिकागो शहरात. डॉक्टर होते जेम्स हेरिक. रुग्ण होता वॉल्टर क्लेमेंट नोएल, वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा नावाच्या लहान बेटावरचा तरुण. १९०४ साली तो दातांचा डॉक्टर व्हायला बोटीने परमुलखात आला होता. तिथल्या थंडीत त्याला दम लागायचा, अंग दुखायचं, पुन्हा पुन्हा दवाखान्यात यावं लागायचं. डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकातून त्याचं रक्त बघितलं तर पेशी विळ्यासारख्या. तिथल्या कोणालाच हे काय आहे ते माहीत नव्हतं. नोएल शिक्षण पुरं करून आपल्या बेटावर परतला, तिथे दात बघायचं काम केलं आणि १९१६ साली न्यूमोनियाने गेला. वय फक्त ३२. म्हणजे ज्याच्यामुळे जगाला या आजाराची ओळख झाली तो माणूस शिकायला घर सोडून गेलेला होता.

आपल्या देशात १९५२ साली हा आजार नोंदला गेला. एक नोंद दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरातल्या आदिवासींची. त्याच वर्षीची दुसरी नोंद वरच्या आसामातल्या चहाच्या मळ्यांवरच्या मजुरांची, आणि ते मजूर मूळचे तिथले नव्हते. पोटासाठी लांबून तिथे नेलेली माणसं होती ती. मळा काय आणि भट्टी काय. लांब गेलेल्या माणसाचं दुखणं तिथल्या डॉक्टरला अनोळखी असतं, आणि दुखणाऱ्याला ते त्या डॉक्टरच्या भाषेत सांगता येत नाही.

हे सगळं कुठून आलं म्हणाल तर मलेरियातून. अँथनी ॲलिसन नावाच्या डॉक्टरने १९५४ साली पूर्व आफ्रिकेत दाखवून दिलं की ज्याच्यात एकच विळ्याचा दाणा आहे, त्या वाहकाला जीवघेणा मलेरिया सहसा मारत नाही. जिथे रानात मलेरियाने पोरं मरायची तिथे असे वाहक जगले, वाढले आणि दाणा पुढे देत गेले. आफ्रिकेत, अरबस्तानात, भारतातल्या जंगलपट्ट्यात. तुमच्या पणजोबाला या दाण्याने वाचवलंही असेल. त्याला शाप कसं म्हणायचं? मात्र एक ध्यानात ठेवा, ही राखण फक्त वाहकाला. 'एसएस' रुग्णाला मलेरिया झाला तर त्याच्या जिवावर बेततं. त्याच्यासाठी मच्छरदाणी न्याच.

आता भट्टीवर येते. मी भट्ट्यांवर हिंडलेय, झापांमध्ये बसलेय, म्हणून सांगते. या आजाराला ज्या ज्या गोष्टी वाईट, त्या सगळ्या एका जागी आणून ठेवाव्यात तशी भट्टी असते. पेशी विळ्यासारख्या वाकतात कशाने? अंगातलं पाणी कमी झालं की. थंडी वाजली की. फार दमणूक झाली की. ताप आला की. आणि भट्टीवर काय असतं? रात्री दोन-तीन वाजता उठायचं, पौष-माघाच्या थंडीत गार पाण्यात पाय बुडवून गारा तुडवायचा. दिवस वर आला की उघड्या मैदानात ऊन, पलीकडे पेटलेल्या भट्टीची धग. प्यायचं पाणी टँकरचं, मोजून मिळालेलं. बाया तर पाणी मुद्दाम कमी पितात, कारण लघवीला जायला आडोसा नसतो. निरोगी बाई याने थकते. सिकलची बाई किंवा पोर याने अंथरूण धरतं.

आणि तिथे याला नाव काय मिळतं? मुकादम म्हणतो, कामचुकार आहे. शेजारचा म्हणतो, रात्री प्यायलाय. आपलीच माणसं म्हणतात, त्या जागेचं काहीतरी आहे, बाहेरचं लागलंय. जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं तर सलाईन, एक सुई, पाचशे-हजार रुपये, आणि कावीळ आहे म्हणून पथ्य. डॉक्टर वाईट असतो असं मी म्हणत नाही. त्याच्यासमोर एक दमलेला मजूर येतो, अंग दुखतंय म्हणतो, आणि दमलेल्या मजुराचं अंग दुखणारच असं त्याला वाटतं.

शिवाय भट्टीवर नवरा-बायकोची जोडी मोजतात. उचल जोडीच्या नावावर घेतलेली. एक अंथरुणावर पडला की दुसऱ्याच्या एकट्याच्या विटा किती पडणार? उचल फिटत नाही, ती पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते आणि पुढच्या वर्षी त्याच शेठकडे जाणं आलं. त्यामुळे दुखणं लपवतात. घरात सिकल आहे हे मुकादमाला कळलं तर जोडी घेणारच नाही ही भीती खरी आहे, मी ती खोटी म्हणणार नाही. पण लपवून कळ वाढवली की जोडी मोडतेच, आणि दवाखान्याचं कर्ज वर चढतं. मुकादमाला सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. डॉक्टरला मात्र सांगा. दारातून आत गेल्या गेल्या पहिलं वाक्य: 'आमच्या पोराला सिकलसेल आहे.' कागद नसला तरी हा शब्द तोंडात असू द्या. घरातल्या म्हाताऱ्यापासून आठ वर्षांच्या बहिणीपर्यंत सगळ्यांना हा शब्द पाठ हवा, कारण पोराला घेऊन कोण धावेल ते आधी सांगता येत नाही.

इंग्लंडातही हेच घडलेलं आहे. आफ्रिकेतून, वेस्ट इंडीजमधून तिथे कामाला गेलेल्या लोकांची पोरं कळांनी तळमळायची आणि तिथल्या डॉक्टर-नर्सांना आजाराची नीट ओळख नसायची. तेव्हा एलिझाबेथ अनिओन्वू नावाच्या नर्सबाईंनी १९७९ साली लंडनच्या ब्रेंट भागात या आजारासाठी तपासणी आणि सल्ल्याचं केंद्र उभं करायला हात लावला. त्या देशातलं ते पहिलं. सुरुवात एका नर्सबाईंनी केली याचं मला विशेष वाटतं. आपल्या आशाताई, नर्सबाई दाराशी आल्या की 'आल्या परत रक्त मागायला' असं म्हणू नका एवढ्यासाठी सांगितलं.

आपल्याकडे १ जुलै २०२३ पासून देशभरच्या आदिवासी भागांसाठी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे. जन्मल्यापासून ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं त्यात ठरवलंय. आकडा मोठा आहे. पण तपासणी करणारे पाड्यावर येतात तेव्हा निम्मा पाडा भट्टीवर असेल, तर त्या आकड्यात आपण कुठे बसणार? म्हणून पावसाळ्यात, माणसं घरी असताना, तपासून घ्या. यंदा राहिलं असेल तर गाडी यायच्या आधी उपकेंद्रात जा. भट्टीवर जन्मलेलं बाळ तर हटकून राहून जातं. शिमग्याला परत आलात की त्याला आधी दाखवा.

आता औषधांचं. रुग्ण असेल त्याला फॉलिक ॲसिडची गोळी रोज. पाच वर्षांखालच्या पोराला पेनिसिलिन रोज, कारण साधा न्यूमोनिया अशा पोराला नेतो. आणि हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर ती नेमाने. या गोळीने कळा येणं कमी होतं, पण ती रोज घ्यावी लागते आणि मधूनमधून रक्त तपासावं लागतं. दुखलं की घ्यायची ही गोळी नव्हे. इथेच घोटाळा होतो. दिवाळीपर्यंत पोर बरं असतं, आईला वाटतं आता कशाला, गोळ्या घरी राहतात आणि पौषात कळ येते. ज्या बाईला दिवस राहायचेत किंवा राहिलेत तिने मात्र ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि तिचं बाळंतपण झापात होता कामा नये. रक्त वाढायच्या लोहाच्या गोळ्यांनी सिकलचा अशक्तपणा जात नाही. त्या द्यायच्या की नाही ते डॉक्टर सांगतील.

निघायच्या आधी दवाखान्यात जाऊन स्पष्ट सांगा, आम्ही अमुक ठिकाणी चाललोय, शिमग्याशिवाय येणार नाही, दोन महिन्यांच्या तरी गोळ्या द्या. मागायला लाजू नका. कुठल्या गावच्या भट्टीवर जाताय ते आशाताईंना सांगा, फोन नंबर द्या. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये काढून घ्या, नवऱ्याच्या आणि तुमच्या दोघांच्याही. मूळ कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून डाळ-तांदळाबरोबर बांधा, म्हणजे विसरणार नाही. सरकारी दवाखाना भिवंडीचा असो की वसईचा, कार्ड तिथेही चालतं. सिकलच्या रुग्णाला एसटीत सवलत आहे, आणि २०१६ च्या कायद्याने हा आजार अपंगत्वात धरलेला आहे, म्हणून कार्डाबरोबर तो दाखलाही काढून ठेवा.

तिथे गेल्यावर रुग्णाला गारा तुडवायला लावू नका, जमेल तर त्याला कोरडं काम द्या. पहाटे अंग, पाय झाकलेले असू द्या. पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं, मोठ्या माणसाने दिवसाला तीन लिटर तरी. लघवीला आडोसा नसेल तर चार बायांनी मिळून साडीचा करा, पण पाणी तोडू नका. कळ आली तर दुखऱ्या जागी ऊब द्या, बर्फ किंवा गार पाणी नाही. आणि डाग देऊ नका, हात जोडून सांगते. पोर आधीच तडफडतंय, वरून भाजायचं कशाला? भगताकडे जाऊ नका असं मी म्हणत नाही, माझीही माणसं जातात. पण आधी दवाखाना, मग भगत.

चार वेळा मात्र सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी निघायचं. पोराला ताप चढला तर. छातीत दुखून दम लागला तर. पोर एकदम पांढरं पडलं आणि डाव्या कुशीला पोट फुगलं तर. तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला तर. अजून एक, मुलग्यांचं. लघवीची जागा ताठ होऊन तासन्‌तास दुखत राहते, आणि पोरं लाजेपायी सांगत नाहीत. बापांनी विचारावं. तेही सिकलमुळेच असतं आणि तेही दवाखान्याचंच काम आहे. १०८ नंबर लावा, भट्टीची खूण नीट सांगा.

लग्नाचं राहिलं. मागणी घालायला जाताना आपण पोरगा कामाचा आहे का, पोरगी कशी आहे, सगळं विचारतो. आता कार्डही विचारा. दोघंही 'एएस' असतील तर लग्न मोडलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही, मनं जुळलेली असतात. पण दोघांना आधी माहीत असलं, तर दिवस राहिल्या राहिल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन पोटातल्या बाळाची तपासणी करता येते का ते विचारता येतं. एक 'एएस' आणि एक 'एए' असेल तर त्यांच्या पोराला आजार होत नाही, फार तर ते वाहक होईल. असं स्थळ कार्ड बघून कोणी नाकारलं तर त्याला हा हिशेब समजावून सांगा. धवलेरीला बोलावणं धाडायच्या आधी एवढं बोलून घेतलं की पुढे 'तुझ्या माहेराहून आणलंस' म्हणायला कोणाला तोंड राहत नाही.

पुढच्या आठवड्यात उपकेंद्रात जाल तेव्हा गर्दी असेल, सगळेच निघायच्या घाईत असतात. सकाळी लवकर जा, पोरांना उपाशी नेऊ नका, बोटातल्या रक्ताला उपाशी राहावं लागत नाही. आणि पेटी उघडून आजच बघून ठेवा, कार्ड आहे ना जागेवर.